एका गाडीच्या दोन गाड्या

हॉरेस बिसेल गेले तेव्हा त्यांच्यामागे बायको, मुलगा, मुलगी आणि शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी असलेली एक पस्तीस सालची ऑस्टिन सेव्हन मोटार एवढं राहिलं. घर बायकोला मिळालं. गाडीबद्दल त्यांनी लिहून ठेवलं होतं की ती मुलगा लायनेल आणि जावई पर्सी यांनी मिळून पूर्ववत करावी. हॉरेस जन्मभर स्टॉरब्रिजच्या काचकारखान्यात फोरमन होते आणि त्यांना माणसं ओळखता येतात असं गावात सगळे म्हणत. पण ‘मिळून’ हा शब्द लिहिताना त्यांचं काहीतरी चुकलं.

ही हकिकत मला ठाऊक आहे, कारण मी आमच्या गावच्या जुन्या मोटारींच्या क्लबाचा सचिव आहे. माझ्याकडे स्वतःची जुनी मोटार नाही. मी गॅस कंपनीत नोकरी करतो आणि बसनं जातो. माझी बायको म्हणते, म्हणूनच तुला सचिव केलंय, बाकीच्यांचे हात सदैव ग्रीसनं भरलेले असतात, इतिवृत्त लिहायला एक तरी स्वच्छ हाताचा माणूस हवा.

लायनेल बँकेत सहायक व्यवस्थापक होता. रविवारीसुद्धा टाय लावायचा आणि गाडीखाली शिरताना टायचं टोक शर्टाच्या दोन बटणांमधून आत खोचायचा. पर्सी रॅग शाळेत भूगोल शिकवायचा. कुठलीही गोष्ट खणत खणत तिच्या तळाच्या थरापर्यंत नेल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. लायनेलची बहीण बेरिल त्याची बायको. ती सांगायची, एकदा केक का फुगला नाही एवढंच मी विचारलं, तर ह्यानं हिमयुगापासून सुरुवात केली.

सुरुवात झकास झाली. दर शनिवारी दोघं हॉरेसच्या शेडमध्ये जमायचे. मिसेस बिसेल आतून चहा पाठवायच्या. गाडी मुळात एवढीशी, तिचं इंजिन दोघांनी धरून उचललं तर स्वयंपाकघराच्या टेबलावर मावतं. त्यांनी ते तसं ठेवलंही. गंजलेले बोल्ट तेल पाजून सोडवले, सगळे भाग सुटे केले, धुतले, पुसले. लायनेल क्लबात येऊन सांगायचा, “आमच्या पर्सीचे हात म्हणजे सर्जनचे हात!” पर्सी म्हणायचा, “लायनेलची चिकाटी बघा. बापावर गेलाय अगदी.” हे असं साधारण दीड महिना चाललं.

मग आला रंग.

पुढच्या मडगार्डवरचा काळा रंग उडाला होता. पर्सीनं पाणी लावून तिथं पॉलिशपेपर घासायला घेतला. काळ्याखाली निळा निघाला. लायनेलनं तो पाहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, “बस कर. हाच तो. ह्या निळ्या गाडीतून आम्ही वेस्टनला समुद्रावर गेलो होतो. मी सहा वर्षांचा होतो.”

पर्सी घासतच राहिला. निळ्याखाली हिरवा निघाला आणि हिरव्याखाली पुन्हा काळा.

“हा खरा,” पर्सी म्हणाला. “सगळ्यात खालचा थर. कारखान्यातून गाडी काळी निघाली होती.”

“पर्सी, ती निळी होती. मी बसलोय त्यात.”

“तुझं लहानपण म्हणजे पुरावा नव्हे, लायनेल.”

“माझ्या बापाची गाडी आहे ती!”

“माझ्या सासऱ्यांचीपण आहे. आणि मला विचारशील तर त्यांनी माझं नाव उगीच नाही घातलं. तुझ्यावर सोडली असती तर तू ती गुलाबी करून मोकळा झाला असतास.”

मिसेस बिसेल चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या तेव्हा वाटणीला सुरुवात झाली होती. पर्सीनं बागेतली एकचाकी ढकलगाडी काढून तिच्यात इंजिन ठेवलं होतं, आणि लायनेल पुढची चाकं बसवून सांगाडा ओढून न्यायच्या तयारीत होता. “चहा तरी घ्या,” त्या म्हणाल्या. दोघांनी उभ्या उभ्या, एकमेकांकडे पाठ करून, घेतला. संध्याकाळपर्यंत शेड रिकामी झाली. लायनेलच्या वाट्याला सांगाडा, चाकं, चाकांचे आस, बॉनेट आणि मडगार्डं आली. पर्सीच्या वाट्याला इंजिन, गिअरबॉक्स आणि दारं-आसनांसकट वरची टपाची बॉडी. दोघांची घरं तीन गल्ल्यांच्या अंतरावर. पर्सी ढकलगाडीतून इंजिन नेत होता तेव्हा त्याला रस्त्यात पाहणाऱ्यांनी टोप्या काढल्या. मिसेस बिसेलच्या घरून पुन्हा कुणाला तरी नेताहेत असं त्यांना वाटलं.

दुसऱ्याच आठवड्यात लायनेल माझ्या कानाशी लागला. “गाडीची ओळख तिच्या सांगाड्यात असते. बाकी सगळे कपडे. मी बाबांची गाडी बांधतोय.” त्याच संध्याकाळी पर्सीचा फोन आला. “इंजिन म्हणजे गाडीचं काळीज. ज्याच्याकडे काळीज त्याच्याकडे गाडी. तू इतिवृत्तात लिहून ठेव.” मी दोघांचं लिहून ठेवलं. स्वच्छ हातांचा हा तोटा.

आता दोघांनाही उरलेली अर्धी गाडी हवी होती. लाय गावात टॉली नावाचा भंगारवाला आहे. लायनेल ऑक्टोबरमध्ये त्याच्याकडे गेला आणि पस्तीस सालच्याच एका ऑस्टिनचं इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी घेऊन आला. जाताना टॉलीला म्हणाला, “पर्सीला कळता कामा नये.” पर्सी नोव्हेंबरमध्ये गेला आणि पस्तीस सालच्याच एका ऑस्टिनचा सांगाडा, आस, चाकं, बॉनेट आणि मडगार्डं घेऊन आला. जाताना टॉलीला म्हणाला, “लायनेलला कळता कामा नये.” टॉलीनं कुणालाच काही कळू दिलं नाही.

पुढची दोन-अडीच वर्षं त्या दोन घरांत जे झालं ते मला दोघांच्या बायकांकडून कळलं. नवऱ्यांचं बोलणं बंद असलं तरी लायनेलची बायको मॉरीन आणि बेरिल रोज सकाळी फोनवर असत.

पर्सीनं न्हाणीघरातल्या टबात रॉकेल भरलं आणि त्यात बिजागऱ्या, स्प्रिंगा, ब्रेकचे दांडे भिजत घातले. गंज हळूहळू सुटतो, घाई करून चालत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे रॅग कुटुंब अंघोळीला लायनेलच्या घरी जाऊ लागलं, अर्थात लायनेल बँकेत असताना. लायनेलनं इंजिनाच्या सिलिंडरचा ठोकळा घासून चकचकीत केला, त्याला उष्णता सोसणारा रंग दिला आणि रंग पक्का बसावा म्हणून तो ओव्हनमध्ये भाजला. एकदा नव्हे, प्रत्येक हातानंतर एकदा. एका रविवारी मॉरीननं त्याच ओव्हनमध्ये मटण केलं. पहिला घास घेऊन लायनेल म्हणाला, “बघ, वास अजिबात येत नाही.” मुलांनी ताटं सरकवली. तेव्हापासून मॉरीन मुलांना घेऊन रविवारी जेवायला बेरिलकडे जायची. एका घरात अंघोळ, दुसऱ्या घरात जेवण. दोन कुटुंबं इतक्या जवळ यापूर्वी कधी आली नव्हती. फक्त दोन पुरुषांना त्याचा पत्ता नव्हता.

लायनेल संध्याकाळी टीव्हीपुढे बसून व्हॉल्व्ह घासायचा. व्हॉल्व्हच्या डोक्याला काठी चिकटवायची, खाली घासायची पेस्ट लावायची आणि रवीनं ताक घुसळावं तशी काठी दोन तळव्यांत इकडून तिकडे फिरवायची. बातम्या, हवामान, विनोदी मालिका, सगळ्यांच्या खाली एकच घर्र-घर्र. मॉरीन म्हणाली, “दुसऱ्या बायकांचे नवरे संध्याकाळी पबमध्ये जातात. किती नशीबवान असतात काही बायका!”

पण खरा प्रताप पर्सीचा. गिअरबॉक्सच्या झाकणावर चाळीस वर्षांचं काळं तेल जमलं होतं. कॉस्टिक सोड्यात उकळलं की लोखंड लखलखीत निघतं, हे त्यानं वाचलं होतं आणि ते बरोबरच आहे. झाकण मात्र ॲल्युमिनियमचं होतं. त्यानं बेरिलचं मुरंब्याचं मोठं पातेलं घेतलं, सोडा टाकला, झाकण सोडलं आणि वर्तमानपत्र वाचायला बसला. पातेलं आधी कुजबुजलं, मग खवळलं. काळा फेस उतू जाऊन चुलीवर पसरला, घरभर वाफ झाली, भिंतीवरचा वॉलपेपर कोपऱ्यातून सुटून खाली आला. बेरिल दुकानातून आली तेव्हा पर्सी अंगणात खोकत उभा होता आणि हातातल्या चिमट्यात जाळी पडलेला एक पत्रा होता.

“हे काय आहे?” तिनं विचारलं.

“झाकण.”

“आणि माझं पातेलं?”

पर्सीनं चिमट्यातल्या पत्र्याकडे नीट पाहिलं. “बेरिल, मला वाटतं हे पातेलंसुद्धा असू शकेल.”

असं सगळं होऊनही गाड्या तयार झाल्या, आणि अप्रतिम झाल्या, हे मला मान्य केलं पाहिजे. लायनेलची निळी. पर्सीची काळी. इतक्या चकचकीत की दोघांपैकी कुणीही त्या बाहेर काढायला धजेना. पावसाचे दिवस नकोत. खडीचा रस्ता नको. पक्षी बसतात त्या झाडाखालून नको. मिसेस बिसेलनी एकदा लायनेलला विचारलं, “मला ब्यूडलीला बहिणीकडे सोडतोस का गाडीतून?” लायनेल हबकला. “आई, ती चालवायची गाडी नाहीये!” त्यांनी जावयाला विचारलं. पर्सी म्हणाला, “सोडलं असतं हो, पण तुमच्या पर्सची कडी लागून दाराला चरा गेला तर?” त्या बसनं गेल्या. बसमध्ये मी शेजारीच होतो. पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

त्या वर्षीच्या उन्हाळी प्रदर्शनासाठी माझ्याकडे एकाच नंबराच्या दोन गाड्यांचे अर्ज आले. दोन्हींवर लिहिलेलं, ‘कै. हॉरेस बिसेल यांची मूळ गाडी’. एक गाडी दोनदा आणू नये असा आमच्याकडे नियम नव्हता, कारण असं कुणी करील हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी अध्यक्षांकडे गेलो.

आमचे अध्यक्ष कमांडर फ्रॉगॅट. युद्धात ते नौदलाच्या रंगाच्या कोठारावर होते आणि त्यांनी एकही डबा शत्रूच्या हाती पडू दिला नाही. त्यांनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले, चष्मा बदलून पुन्हा वाचले आणि म्हणाले, “येऊ देत. मैदानावर निकाल लावू.”

प्रदर्शनाचा दिवस चांगला उजाडला. पार्कमध्ये बँड होता, आइस्क्रीमची गाडी होती, आमच्या गाड्या रांगेनं उभ्या होत्या. सकाळी पूर्वेच्या फाटकातून निळी गाडी आली आणि पश्चिमेच्या फाटकातून काळी. दोन्ही बँडच्या चौथऱ्यापाशी समोरासमोर आल्या. दोन्हींवर एकच नंबर. बँडवाल्यांपैकी एकाचा सूर चुकला.

“माझ्या बापाच्या नंबराची पाटी काढ,” लायनेल खिडकीतून म्हणाला. अडीच वर्षांतलं त्याचं पर्सीशी हे पहिलं वाक्य.

“तू आधी आपल्या गाडीखाली वाकून बघ, तुझ्या बापाचं काय आहे त्यात. चार चाकं आणि हट्ट.”

गर्दी जमली. कमांडरनी कार्यकारिणी तिथंच, गवतावर, बोलावली. एकजण म्हणाला ओळख सांगाड्यात. दुसरा म्हणाला इंजिनात. तिसरा वकील होता, तो म्हणाला दोन्ही बाजूंनी खूप काही बोलण्यासारखं आहे, आणि मग त्यानं ते बोलून दाखवलं. शेवटी कमांडर उठले.

“सोपं आहे. ज्या गाडीत हॉरेसच्या गाडीचा जास्त भाग, ती हॉरेसची गाडी. भाग मोजायचा वजनानं. कोळसेवाल्याचा काटा मागवा.”

मला वाटतं, हे ऐकून दोघं शरमतील आणि माघार घेतील असा त्यांचा हिशेब होता. मी खालच्या आवाजात म्हणालोसुद्धा, “साहेब, वजन करायचं तर दोन्ही गाड्या सुट्या कराव्या लागतील.”

“माझी काही हरकत नाही,” लायनेल ताबडतोब म्हणाला.

“माझी तर मुळीच नाही,” पर्सी म्हणाला.

दोघांनी कोट काढले.

अडीच वर्षं टीव्हीपुढे, ओव्हनपुढे, टबापुढे बसून जोडलेल्या त्या गाड्या त्यांनी दुपारच्या जेवणाच्या आत मोकळ्या करायला घेतल्या. क्लबाचे झाडून सगळे सभासद मदतीला धावले. हे असं काम म्हणजे त्यांचा जीव की प्राण. चालू गाडीकडे ते एक नजर टाकून पुढं जातात, पण गाडी खोलायची म्हटलं की आजारी माणूससुद्धा अंथरुणातून उठतो. बॉडी उचलून गवतावर ठेवल्या गेल्या. इंजिनं दोऱ्या लावून बाहेर आली. बायकांनी सतरंज्या दिल्या. लोकांनी आमच्या बाकीच्या गाड्यांकडे पाठ फिरवली आणि आइस्क्रीम खात खात हे पाहिलं. त्या वर्षी तिकिटविक्रीचा विक्रम झाला.

मी काट्यापाशी कागद घेऊन उभा होतो. शेजारी टॉली भंगारवाला मांसाची पेस्ट्री खात उभा होता. त्यानं दोन्ही ढिगांकडे पाहिलं आणि तो एकटाच हसू लागला.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही, साहेब. ओळखीचं माणूस भेटल्यावर बरं वाटतं ना, तसं झालं. ते लायनेलसाहेबांचं इंजिन आणि तो पर्सीसाहेबांचा सांगाडा. दोन्ही माझ्याकडच्या एकाच गाडीतले. मी अर्धी ह्यांना विकली, अर्धी त्यांना.”

“म्हणजे भांडले नसते तर...”

“तर एकाच्या अंगणात बिसेलसाहेबांची अख्खी गाडी, आणि दुसऱ्याच्या अंगणात माझी अख्खी.”

“अरे मग सांगितलं का नाहीस?”

टॉली दुखावला. “दोघांनी शपथ घातली होती, साहेब. धंद्यात इमान लागतं.”

मी ते कमांडरना सांगितलं. ते म्हणाले, हा मुद्दा कार्यक्रमपत्रिकेत नाही.

वजन सुरू झालं. दोघांच्याही ढिगातले हॉरेसच्या गाडीचे तेवढे भाग काट्यावर चढवायचे आणि मग फाटकाजवळ एका बाजूला रचायचे. बाकीचे जिथल्या तिथं. लायनेलचा आकडा थोडा जास्त भरला. पर्सीनं हरकत घेतली, सांगाड्यावरचा निळा रंग नवा आहे, त्याचं वजन सासऱ्यांचं धरता येणार नाही. लायनेल म्हणाला, मग तुझ्या इंजिनातलं तेलसुद्धा परवाचं आहे, काढ बाहेर. तेल काढलं. ग्रीस पुसलं. मग मॉरीन गर्दीतून ओरडली, “आणि गिअरबॉक्सचं झाकण? ते तर बेरिलच्या पातेल्यात विरघळलं!”

पर्सी गरकन वळला. “तुला कुणी सांगितलं?”

“दर रविवारी तुझ्याच टेबलावर जेवते मी, पर्सी. तू अंगणात असतोस तेव्हा.”

“काय?” लायनेल म्हणाला.

“तू गप्प बस,” बेरिल त्याला म्हणाली. “तुझ्या टबात आम्ही दोन वर्षं अंघोळ करतोय. साबण चांगला वापरतोस.”

दोघा पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. फसवल्या गेलेल्या माणसांना एकमेकांबद्दल जरा आपुलकी वाटते, तसं काहीतरी क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर आलं. पण क्षणभरच. कारण कमांडरनी विचारलं, झाकणाचं वजन वजा करायचं का, आणि दोघं पुन्हा एकमेकांवर तुटून पडले.

त्याच वेळी मिसेस बिसेल आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, हातात सँडविचचा डबा. बसथांब्यावरून चालत आल्या होत्या. गवतावर पसरलेल्या त्या पसाऱ्यासमोर त्या थांबल्या.

“हे काय चाललंय?”

लायनेलनं समजावून सांगितलं. पर्सीनं मध्ये मध्ये दुरुस्त केलं. कमांडरनी टोपी काढून त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, “तुम्हीच सांगा बाई. यातली हॉरेसची मूळ गाडी कोणती?”

त्या बसल्या नाहीत. फाटकाजवळ रचलेल्या ढिगाभोवती एकदा फिरल्या.

“हा सांगाडा दुसरा आहे,” त्या म्हणाल्या. “सत्तेचाळीस साली हॉरेस दुधाच्या गाडीवर जाऊन आदळले, तेव्हा बदलला. इंजिन तर दोनदा बदललं. हे दार डडलीहून आणलं होतं. ते दुसरं कुठून आणलं आठवत नाही. आसनं माझ्या आईच्या सोफ्याच्या कापडाची. रंग काय, ज्या वेळी दुकानात जो डबा स्वस्त मिळेल तो.”

मी वजनांचा कागद घडी करून खिशात घातला. बँडसुद्धा थांबला होता, त्यांची चहाची वेळ झाली होती.

“मग बाबांचं यात काय आहे?” लायनेलनं विचारलं. त्याच्या टायचं टोक शर्टातून बाहेर येऊन तेलात बुडालं होतं.

“तुझे बाबा त्यातलं काहीच मूळ म्हणून ठेवायचे नाहीत रे. जे मोडेल ते बदलायचे आणि सोमवारी कामावर जायचे.”

लायनेल मडगार्डवर बसला. दोन-अडीच वर्षांनी पहिल्यांदाच तो मडगार्डवर बसला असेल. “वेस्टनला गेलो होतो, ती निळी होती ना? तेवढं तरी खरं ना?”

“खरं,” मिसेस बिसेल म्हणाल्या. “निळीच होती. जाताना तू सगळ्या वाटेवर ओकत होतास. येताना झोपलास. बाबांनी तुला तसाच उचलून घरात नेलं.” त्यांनी डबा उघडून त्याच्यापुढं धरला. मग पर्सीपुढं धरला. “घे रे. काकडीचं आहे. तुला चीज सोसत नाही.”

पर्सीनं सँडविच घेतलं. खाताना तो बराच वेळ त्या सोफ्याच्या कापडाकडे पाहत होता. खणायला पुढचा थर उरला नाही की माणूस जरा पोरका होतो. मग तो म्हणाला, “लायनेल, तुझा पुढचा आस सरळ बसलाय का? माझा डावीकडे ओढतो.”

“ओढणारच. टॉलीचा आहे तो.”

“हं.”

एवढ्यात पार्कचा रखवालदार येऊन सांगून गेला की फाटक आठला बंद होतं आणि आत काही राहिलं तर ते सकाळी कचऱ्याच्या गाडीत जाईल. आता मात्र पळापळ झाली. वाद घालायला वेळ नव्हता. फाटकापाशी जो ढीग होता तोच जोडायचा, असं आपोआपच ठरलं. लायनेलच्या सांगाड्यावर पर्सीचं इंजिन चढलं. लायनेल गाडीखाली, पर्सी वर.

“बोल्ट दे.”

“कुठला?”

“तुझ्या हातातला, गाढवा!”

“हा माझ्या इंजिनाचा आहे.”

“मग तुझ्या इंजिनालाच लावतोय ना मी!”

काळी बॉडी सहा जणांनी उचलून ठेवली. बाजूला निळी मडगार्डं, वर निळं बॉनेट. गिअरबॉक्सवर टॉलीच्याकडचं झाकण. पेट्रोल ओतलं. पर्सीनं पुढं वाकून हँडल मारलं. काहीच नाही. दुसऱ्यांदा मारलं, गाडी शिंकली. लायनेलनं कार्ब्युरेटरला बोटानं टिचकी मारली, पर्सीनं पुन्हा हँडल फिरवलं आणि इंजिन सुरू झालं. शिवणयंत्रासारखा एकसुरी आवाज. दोघंही ऐकत उभे राहिले. लायनेल म्हणाला, “झकास लावलंयस.” पर्सी म्हणाला, “आस सरळ दिसतोय.” यापेक्षा जास्त ते एकमेकांना त्या दिवशी काही म्हणाले नाहीत, आणि त्यांच्यासारख्या माणसांच्या मानानं हे पुष्कळ झालं.

मग स्टिअरिंगवर कोण बसणार यावरून पुन्हा आवाज चढले. ते चालू असतानाच मिसेस बिसेल पुढच्या आसनावर जाऊन बसल्या आणि बेरिल दार उघडून स्टिअरिंगमागे. “पर्सची कडी दाराला लागली बघ, आई,” बेरिल म्हणाली. “लागू दे,” मिसेस बिसेल म्हणाल्या. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि दोघं पुरुष धावत मागून गेले, काय ओरडत होते ते बँडमुळे नीट ऐकू आलं नाही. उरलेला ढीग टॉलीनं आपल्या ट्रकमध्ये भरला. त्याची गाडी आता पुन्हा पुरती झाली होती, शिवाय ओव्हनमध्ये भाजलेली आणि रॉकेलमध्ये मुरलेली. दुसऱ्या दिवशी ती त्यानं डर्बीच्या एका दंतवैद्याला, ‘अत्यंत प्रेमानं जपलेली’ म्हणून विकली. अर्धे पैसे त्यानं लायनेलला दिले आणि अर्धे पर्सीला, आणि दोघांनाही बजावलं, दुसऱ्याला सांगू नका.

आमच्या कार्यकारिणीनं तो विषय पूर्ण हिवाळाभर चालवला. काळ्या-निळ्या गाडीला कुठल्या वर्गात घालायचं हे ठरेना. मूळ नाही, बदललेली म्हणावी तर किती वेळा बदललेली हे ठरेना. कमांडरनी उपसमिती नेमली. उपसमितीनं दुसरा काटा मागवला. मी लिहीत राहिलो.

गाडी मिसेस बिसेलच्या दारात असते. बेरिल गुरुवारी त्यांना घेऊन ब्यूडलीला जाते, मॉरीन सोमवारी बाजाराला नेते. मागच्या आसनावर बटाटे असतात, कधी बहिणीचा कुत्रा असतो. डाव्या दारावर पर्सच्या कडीचे सोळा-सतरा चरे आहेत. शनिवारी लायनेल आणि पर्सी काहीतरी दुरुस्त करायला येतात आणि दोन घरांआड ऐकू येईल इतक्या जोरात भांडतात. एकदा मागचं मडगार्ड चेपलं तेव्हा त्यांनी एका रविवारात नवं लावलं. रंग मिळाला नाही म्हणून ते तांबडं आहे.

परवा मी बसथांब्यावर उभा होतो. मिसेस बिसेल आणि बेरिल थांबल्या, मला मागं बसवलं. बटाटे मांडीवर घेतले. चढावर गाडीनं मान टाकली. बेरिलनं ब्रेक लावला आणि मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मी उतरलो, कोट काढून आत ठेवला आणि ढकलायला लागलो. हात कोपरापर्यंत काळे झाले.

“अजून जोर लावा, सचिवसाहेब,” मिसेस बिसेल खिडकीतून म्हणाल्या. “कार्यकारिणीत असता तसे उभे राहू नका.”